भरल्या गाडीला पिकअप नाही: बाहेरचा डिझेल पंप बसवू, की आधी फिल्टरचं बघू?

दिघोरीचा टिपरवाला · ९ मे, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. नागपूरच्या दिघोरीत राहतो, घरच्या दोन गाड्या आहेत. अडचण बाराचाकी टिपरची आहे. २०१८ चं मॉडेल, बीएस-४, सहा सिलिंडर, कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरांना दाबाचं डिझेल देणारी एकच सामाईक नळी). उमरेडच्या खाणीतून कोळसा भरायचा आणि कोराडीला टाकायचा, तीन वर्षांपासून हाच धंदा.

एप्रिलपासून गाडी त्रास देऊन राहिली आहे. रिकामी असली की हरणासारखी पळते. भरली की रिंग रोडच्या पुलाच्या चढावर पंधराशेच्या वर आरपीएम जात नाही, चेक लाइट लागतो आणि गाडी दम तोडते. बंद करून पाच मिनिटांनी चालू केली की पुन्हा काही किलोमीटर नीट जाते. महिनाभरात दोनदा फिल्टर बदलला. बदलला की आठ-दहा दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच. स्कॅन केलं तर पी००८७ आला, म्हणजे रेलमध्ये प्रेशर कमी.

एका वर्कशॉपवाल्याने गाडी उभी राहताच सांगितलं, हाय प्रेशर पंप गेला, नवीन टाका. पंपाचेच सत्तर हजारांच्या वर, मजुरी वेगळी. एवढ्यात भाच्याने अमेरिकेतले व्हिडिओ दाखवले. तिथे पिकअप ट्रकला चॅसिसवर वेगळा इलेक्ट्रिक पंप बसवतात, त्यालाच दोन मोठे फिल्टर जोडलेले, हवा आणि पाणी दोन्ही वेगळं करतो म्हणे.

माझा प्रश्न सरळ आहे. असा पंप आपल्या गाडीला बसवावा का? आणि बसवायचा तर कोणता? मे महिन्यात गाडी उभी ठेवणं मला परवडत नाही, हप्ता चालू आहे.

सोळा टन · ९ मे, रात्री १०.१५

भाऊ, मी बसवला होता. अमेरिकन नाही, इथलाच, चोवीस व्होल्टचा. गाडी खरंच ओढायची. चार महिन्यांनी पारडीजवळ जेवायला थांबलो, चावी काढली आणि खाली उतरलो तर पंपाचा घूंऽऽ आवाज सुरूच. रिले, म्हणजे पंपाचा करंट चालू-बंद करणारा स्विच, चिकटला होता. पुढे जाऊन पाहतो तर प्री-फिल्टरच्या प्लास्टिकच्या वाटीला तडा गेलेला आणि डिझेलची धार सायलेन्सरच्या पाइपापासून हातभर अंतरावर पडून राहिली होती. बॅटरीची तार उपटून काढली तेव्हा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी पंप काढून टाकला. बसवणाऱ्याने वायरिंग सरळ चावीवरून दिली होती, इंजिन बंद झालं की पंप बंद व्हावा याची काहीच सोय केली नव्हती.

नोझल टेस्टर · १० मे, सकाळी ७.०५

मी वाडीला पंप-नोझलचं काम करतो, तीस वर्षं झाली. मायको पंपाच्या जमान्यापासून. दादा, पंप घ्यायची घाई करू नका. तुम्ही स्वतःच लिहिलंय की फिल्टर बदलला की आठ-दहा दिवस गाडी बरी चालते. पंप झिजला असता तर फिल्टर बदलून तो आठ दिवसांसाठी बरा झाला नसता. तुमची गाडी उपाशी आहे. डिझेल मागते आहे आणि ते पोचत नाही. ते कुठे अडतंय हे आधी शोधायचं.

तुमच्या गाडीत डिझेल कसं जातं ते लिहितो, म्हणजे पुढचं कळेल. टाकीतून नळीने प्री-फिल्टरला, त्यावरच हाताने मारायचा हँड पंप असतो. तिथून गिअर पंपाला, जो हाय प्रेशर पंपाच्या पाठीवरच बसलेला आहे. गिअर पंप तेच डिझेल दाबाने मेन फिल्टरमधून ढकलतो, मग हाय प्रेशर पंप, मग रेल, मग सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे इंजेक्टर. म्हणजे टाकीपासून गिअर पंपापर्यंतची सगळी लाइन ओढीची आहे आणि त्याच्या पुढची दाबाची. ओढीच्या बाजूला कुठेही अडथळा आला की गिअर पंप रिकामा फिरतो. आणि त्या बाजूला भोक पडलं तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते! म्हणून खाली एक थेंब दिसत नाही आणि गाडी मात्र एअर घेत असते.

आता तीन कामं करा. पहिलं, प्री-फिल्टर आणि गिअर पंपाच्या मध्ये हातभर पारदर्शक डिझेलची नळी लावा आणि गाडी रेस करून बुडबुडे येतात का बघा. दुसरं, त्याच जागी टी आकाराचा जोड लावून व्हॅक्युमचं, म्हणजे ओढ मोजणारं मीटर बसवा. रिकाम्या गाडीवर नाही, भरल्या गाडीवर, चढावर आकडा वाचायचा. तिसरं, इंजेक्टरचं रिटर्न, म्हणजे तो न फवारता परत पाठवतो ते डिझेल, मोजून घ्या, सहाही बाटल्या लावून. एखादा इंजेक्टर जास्त रिटर्न मारत असेल तरी हाच कोड येतो आणि लोक पंप बदलून बसतात.

या तीन कामांना अर्धा दिवस लागतो. अर्ध्या दिवसाचं भाडं बुडेल, पण सत्तर हजार आधी खर्च करून मग अंदाज खोटा ठरला तर ते परत येणार नाहीत.

सोळा टन भाऊंनी लिहिलेलं फार महत्त्वाचं आहे. ओढीसाठी बनवलेल्या प्री-फिल्टरवर मागून दाब दिला की वाटी फुटू शकते, सील सुटू शकतं. आणि हाय प्रेशर पंपाच्या तोंडाशी किती दाब चालतो, याची हद्द पंप बनवणाऱ्याने ठरवलेली असते. ती ओलांडली तर शाफ्टच्या सीलमधून डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची काडी काढली आणि लेव्हल वाढलेली दिसली की लोक खूश होतात, गाडी ऑइल पीत नाही म्हणून. ते वाढलेलं डिझेल असतं.

धरमपेठ ते टेक्सास · १० मे, दुपारी १.२०

मी मूळचा धरमपेठेतला, आता टेक्सासमध्ये असतो, डिझेल पिकअप चालवतो आणि माझ्या गाडीला असा पंप लावलेला आहे. तो इथे का लावतात हे सांगतो, म्हणजे तुमच्या गाडीला लागू आहे की नाही ते तुम्हालाच ठरवता येईल.

इथे तीन गाड्यांच्या मालकांना याची गरज पडली. १९९८ ते २००२ च्या कमिन्स इंजिनच्या डॉजमध्ये व्हीपी-४४ नावाचा रोटरी पंप होता. तो डिझेलनेच थंड राहतो आणि डिझेलनेच वंगण घेतो. त्याला डिझेल पुरवणारा कंपनीचा छोटा इलेक्ट्रिक पंप कमजोर होता. तो मेला की व्हीपी-४४ कोरडा फिरून मरायचा. दुसरी ड्युरामॅक्स, म्हणजे जनरल मोटर्सचं डिझेल इंजिन. २००१ ते २०१६ पर्यंत त्या गाड्यांत कंपनीने टाकीकडे डिझेल पुढे ढकलणारा लिफ्ट पंपच दिला नव्हता, पुढचा पंप टाकीपासून स्वतःच ओढायचा. तिसरी गोष्ट सीपी-४ नावाच्या हाय प्रेशर पंपाची. २०११ पासून फोर्डच्या ६.७ लिटर इंजिनमध्ये आणि २०११ ते २०१६ च्या ड्युरामॅक्समध्ये तो होता. त्याचा रोलर आणि कॅम एकदा घासायला लागले की लोखंडाचा चुरा रेल, इंजेक्टर, रिटर्न लाइन, टाकी सगळीकडे पसरतो. मग एक पंप बदलून भागत नाही, पूर्ण सिस्टिम बदलावी लागते. त्या भीतीने लोक फास, एअरडॉग यांसारखे पंप लावतात. शिवाय इथे ट्यूनिंग करून ताकद वाढवायचं वेड आहे, त्याला जास्त डिझेल लागतं.

पंपावर १००, १५०, १६५ असे आकडे असतात, ते तासाला इतके गॅलन. १५० म्हणजे तासाला साधारण ५६८ लिटर. आकडा मोठा म्हणून पंप चांगला असं नसतं. इंजिनला जाळायला लागतं ते, अधिक कॉमन रेल जे फिरवून टाकीत परत पाठवते ते, एवढी बेरीज पुरे.

आणि सगळ्यात आधी बघायची गोष्ट म्हणजे हे पंप १२ व्होल्टचे असतात. तुमची गाडी २४ व्होल्टची. दोन बॅटऱ्यांमधल्या एकीवरून १२ व्होल्ट काढून चालवायचा सल्ला कोणी देईल, तो घेऊ नका. एक बॅटरी कायम अर्धपोटी राहते आणि दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते.

अजून एक. इथल्या डिझेलमध्ये सल्फर १५ पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत १५ भाग) चालतं, भारतात १ एप्रिल २०२० पासून १० पीपीएम. सल्फर काढताना डिझेलचा निसर्गतः असलेला वंगणाचा गुण कमी होतो, म्हणून वंगणाचं रसायन वेगळं टाकावं लागतं. त्याची चाचणी असते. गोळी घासून पडलेला व्रण मोजतात. अमेरिकेत तो ५२० मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चालतो, भारतात ४६० च्या वर चालत नाही. म्हणजे वंगणाच्या बाबतीत तुमचं डिझेल कागदावर तरी आमच्यापेक्षा कडक नियमातलं आहे. आमची भीती जशीच्या तशी उचलून तिकडे न्यायची गरज नाही.

दिघोरीचा टिपरवाला · १३ मे, रात्री ११.०५

काका, मोजलं. इंजेक्टरचं रिटर्न सहाही बाटल्यांत जवळजवळ सारखं. पारदर्शक नळीत बुडबुडे नाहीत. व्हॅक्युम मीटर (आकडे पाऱ्याच्या इंचात, जास्त म्हणजे ओढ जास्त): आयडलवर ३ इंच, भरल्या गाडीवर पुलाच्या चढाला १४ इंच. सुई सरसर वर गेली आणि त्याच क्षणी गाडी मेली. पोरगा केबिनमध्ये मीटर धरून बसला होता, तो ओरडला, बाबा हेच!

नोझल टेस्टर · १४ मे, सकाळी ६.५०

हवा नाही, ओढ जास्त. म्हणजे नळी, जाळी किंवा प्री-फिल्टर तुंबलाय. पंपाला हात लावू नका. आता काढलेला फिल्टर फेकू नका, तो कापून बघा.

बुटीबोरी मेंटेनन्स · १४ मे, दुपारी ३.३०

फिल्टर कापायचा तर हॅक्सॉ वापरू नका. करवतीचा कीस आत पडतो आणि मग तो पंपाचाच लोखंडी चुरा वाटतो. पाइप कटरसारखा चाकाचा कटर घ्या. कागद काढून उन्हात वर्तमानपत्रावर पसरा, एकेक घडी बोटांनी उघडा. खाली लोहचुंबक फिरवा. चकाकणारे कण चुंबकाला चिकटले तर टाकी नाहीतर पंप शोधायचा. तांबूस गाळ असेल तर गंज, म्हणजे पाणी. काळा बुळबुळीत चिखल, हाताला शेवाळासारखा, आंबूस वास, तर डिझेलमध्ये वाढणारे जंतू. ते पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथेच जगतात, पाणी काढलं की त्यांची वाढ थांबते.

फिल्टर निवडायचं तेवढंच मला सांगता येईल, कारण आमच्याकडे मोठे जनरेटर सांभाळावे लागतात. डब्यावर ५ मायक्रॉन लिहिलं म्हणून विश्वास ठेवू नका. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा, आणि इंजेक्टरच्या आतली फट दोन-चार मायक्रॉनची. त्यामुळे आकड्यासोबत बीटा विचारा, म्हणजे त्या मापाच्या किती कणांमागे एक कण पार होतो तो आकडा. पाच मायक्रॉनचे एक लाख कण आले आणि बीटा ७५ असेल तर सुमारे १,३३३ पार होतात. बीटा २०० असेल तर ५००. बीटा १,००० असेल तर फक्त १००. डब्यावर सगळे ५ मायक्रॉनच लिहितात. बीटा सांगता येत नसेल तर तो फिल्टर मेन जागी लावू नका.

आणि दुसरी चूक: बारीक तेच चांगलं म्हणून ओढीच्या बाजूला २ मायक्रॉनचा फिल्टर लावणं. गिअर पंप ओढून ओढून थकतो, मीटर तुमच्यासारखं १४ वर जातं. ओढीच्या बाजूला ३० किंवा १० मायक्रॉनचा, पाणी वेगळं करणारा, मोठ्या आकाराचा. बारीक गाळणी मेन फिल्टरला करू द्या, ती दाबाच्या बाजूला आहे. रेकॉरचे टर्बाइनवाले मिळतात, त्यांत एलिमेंटचा रंग ठरलेला आहे: लाल ३०, निळा १०, तपकिरी २. तुम्हाला निळा किंवा लाल. त्यांचा ९०० नंबरचा तासाला ९० गॅलन, म्हणजे ३४० लिटर झेपवतो. फ्लीटगार्ड, डोनाल्डसन, मान यांचेही मिळतील. कुठलाही घ्या, पण वाटी आरपार दिसणारी आणि खाली ड्रेन असलेला घ्या, आणि ज्याचं एलिमेंट रात्री नऊ वाजता इथल्या दुकानात मिळेल असा घ्या.

समृद्धीचा प्रवासी · १४ मे, रात्री १०.५०

नकली फिल्टरबद्दलही कोणी लिहा. हिंगण्याकडे एका दुकानात अर्ध्या किमतीत मिळाला, वरून हुबेहूब, आतून घड्या मोजल्या तर असली फिल्टरच्या निम्म्या. डिंक सुटून कागद एका बाजूला सरकलेला. असा फिल्टर कधीच तुंबत नाही, म्हणून ड्रायव्हर त्याचं कौतुक करतात.

दिघोरीचा टिपरवाला · १८ मे, दुपारी ४.००

मंडळी, सापडलं. सविस्तर लिहितो, कारण उमरेड लाइनवर माझ्यासारख्या पुष्कळ गाड्या आहेत.

फिल्टर कापला. गंज थोडा, चुंबकाला काही नाही. पण सगळ्या घड्यांत काळी भुकटी. चिखल नाही, बुळबुळीत नाही. वाळल्यावर बोटांत चोळली तर कागदावर कोळशाने रेघ ओढावी तशी रेघ उठली. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

टाकी उतरवली. झाकणाचं रबरी वायसर नव्हतंच. ड्रायव्हरने कधीतरी चिंधी गुंडाळून झाकण लावलं होतं आणि मी रोज ते झाकण पाहत होतो. गाडी लोडरखाली उभी असते तेव्हा कोळशाची धूळ अशी उडते की समोरची गाडी दिसत नाही. डिझेल कमी होतं तशी टाकी बाहेरून हवा ओढते, आणि आमची टाकी तीन वर्षं खाणीची हवा ओढत होती. टाकीच्या तळाशी बोटभर काळा गाळ, त्यावर अंदाजे पाऊण लिटर पाणी. आतल्या ओढनळीची जाळी एका बाजूने फाटलेली आणि उरलेली तुंबून चामड्यासारखी झालेली. गाडी उभी केली की गाळ खाली बसायचा, म्हणून पाच मिनिटांनी पुन्हा चालायची.

टाकी डिझेलनेच दोनदा धुतली. जाळी नवीन, वायसर नवीन, झाकणाच्या हवेच्या भोकाला फिल्टरवालं ब्रीदर. ओढनळी कडक झाली होती, तीही बदलली. प्री-फिल्टर १० मायक्रॉनचा, मोठा, आरपार वाटीचा घेतला. टाकीजवळ चॅसिसवर बसवलाय, सायलेन्सरच्या उलट बाजूला. मीटर कायमचं लावून ठेवलं.

आज भरून आणली. पुलाच्या चढावर ४ इंच. पंप तोच आहे.

सोळा टन · १८ मे, दुपारी ४.२०

वा भाऊ! मी माझ्या झाकणाचं वायसर आत्ताच जाऊन बघतो.

नोझल टेस्टर · १८ मे, संध्याकाळी ७.४०

मन भरून आलं वाचून. एक गोष्ट राहिली, ती न सांगितली तर केलेलं काम वाया जाईल.

मेन फिल्टर बदलताना मिस्त्री काय करतो ते बघा. कॅनमधलं डिझेल घेतो आणि नवीन फिल्टरच्या मधल्या मोठ्या भोकात ओततो, म्हणजे गाडी लवकर चालू होईल. ते मधलं भोक गाळून झालेल्या बाजूचं आहे! कॅनमधली सगळी घाण न गाळता थेट हाय प्रेशर पंपात जाते. १,६०० बारचा दाब तयार करणाऱ्या पंपाच्या तोंडी आपण हाताने कचरा घालतो. मेन फिल्टर कोरडाच बसवायचा, रबराला डिझेलचं बोट लावायचं आणि हँड पंप मारायचा. साठ-सत्तर वेळा मारावा लागतो, हात भरून येतो, पण मारायचा. भरायचाच असेल तर बाहेरच्या छोट्या भोकांतून, मधलं भोक बोटाने झाकून.

जुन्या गाड्यांना हे चालून गेलं. तेव्हा दोन वाट्या असायच्या, एकीत कापडी फिल्टर, दुसरीत कागदी, आणि इनलाइन पंप अर्धी घाण पचवायचा. त्याच सवयीने आजचे हात चालतात. माझ्याकडे येणाऱ्या पंपांवर मला रोज या सवयीच्या खुणा दिसतात.

वर्धा रोड · २० मे, सकाळी ११.१०

माझी गाडी २०२२ ची, बीएस-६, वॉरंटीत. मीपण असा प्री-फिल्टर लावू का?

नोझल टेस्टर · २० मे, दुपारी २.३०

नको. वॉरंटी असेपर्यंत डिझेलच्या लाइनला कुठेही जोड देऊ नका. पुढे कधी पंपाचं काम निघालं तर पहिलं बोट त्या जोडावर ठेवतील. कंपनीचे फिल्टर वेळेआधी बदला, रोज सकाळी गाडी चालू करायच्या आधी पाणी काढा, झाकण बघा. एवढंच.

समृद्धीचा प्रवासी · २० मे, रात्री ९.००

पाण्यावरून आठवलं. पावसाळा तोंडावर आहे. पेट्रोल पंपावर टँकर खाली होत असेल तर तिथे भरू नका, जमिनीतल्या टाकीचा तळ ढवळलेला असतो. शंका आली तर पंपवाल्याला सांगा, काठीला पाण्याची पेस्ट लावून दाखवा. पाणी असेल तर पेस्टचा रंग बदलतो. घनता मोजून मागायचाही आपल्याला हक्क आहे. आणि रात्री गाडी उभी करताना टाकी भरलेली ठेवा. रिकाम्या टाकीतली दमट हवा रात्री गार झाली की पत्र्याला घाम सुटतो, तोच पहाटे डिझेलखाली जाऊन बसतो.

धरमपेठ ते टेक्सास · २१ मे, सकाळी ६.१५

मूळ प्रश्नाला धरून एक विचारतो. काका, आपल्याकडे इलेक्ट्रिक पंप लावायची वेळ खरंच कधी येते का?

नोझल टेस्टर · २१ मे, सकाळी ९.२५

येते. टाकी मागे नेलेली असते, नळी लांब झालेली असते, दोन टाक्या जोडलेल्या असतात, किंवा गिअर पंप थोडा झिजलाय आणि पूर्ण पंपाचे पैसे आज नाहीत. तेव्हा लावतो. पण २४ व्होल्टचाच, दाब इंजिनच्या पुस्तकातल्या हद्दीत ठेवणारा, आणि वायरिंग अशी की ऑइल प्रेशर पडलं की पंप बंद. फ्यूज बॅटरीजवळ. दाबाच्या बाजूला आलेला प्रत्येक फिल्टर धातूच्या वाटीचा. आणि पंप बंद पडला तरी गिअर पंपाला त्याच्यातून ओढता आलं पाहिजे, नाहीतर गाडी जंगलात उभी राहील. माझ्याकडे दहा जण असा पंप मागायला आले तर मोजमाप केल्यावर आठ-नऊ जणांचं काम नळी, जाळी आणि फिल्टरवरच निघतं.

दिघोरीचा टिपरवाला · २ ऑगस्ट, रात्री १०.३०

अडीच महिन्यांनी लिहितोय. मीटर भरल्या गाडीवर ५ इंचावर आहे, म्हणजे एलिमेंट अजून चालेल. ९ इंचाला बदलायचं असं मी आणि काकांनी फोनवर ठरवलंय. चेक लाइट एकदाही लागला नाही.

रोज सकाळी ड्रायव्हर वाटीखाली काचेचा पेला धरून ड्रेन उघडतो. जूनमध्ये तळाला चमचाभर पाणी निघायचं. जुलैच्या झडीत दोनदा अर्धा पेला निघालं, दोन्ही वेळा एकाच ठिकाणी डिझेल भरलेलं. तिथे भरणं बंद केलं. आता पाच-सहा दिवस झाले, पेल्यात नुसतं पिवळं, स्वच्छ डिझेल येतंय.

दुसऱ्या गाडीची टाकी येत्या रविवारी उतरवतोय. तिचं झाकणही चिंधीवरच होतं.

सोळा टन · २ ऑगस्ट, रात्री १०.४५

भाऊ, ते ब्रीदर कुठे मिळालं? उमरेड नाक्यावरच्या तिन्ही दुकानांत विचारलं, नाही म्हणाले.

दिघोरीचा टिपरवाला · २ ऑगस्ट, रात्री १०.५०

जेसीबीचे पार्ट विकणाऱ्याकडे. हायड्रॉलिक टाकीचं ब्रीदर मागा, झाकणाचा आटा मोजून न्या.